कल्याणचा डंख बंद आहे

आमच्या गच्चीवर मिरची पडली की खाली गेटवरचा वॉचमन शिंकतो, त्याची शिंक ऐकून नाक्यावरचा कुत्रा शिंकतो आणि मग ती शिंक घोडबंदर रोड धरून पुढे पुढे जात कासारवडवलीला पोचते. लोकांना वाटतं मी वाढवून सांगते. मी वाढवून सांगतेच, पण शिंकेच्या बाबतीत नाही.

यंदाही मिरची आली. चैत्र संपता संपता बाळकुमच्या हवेला एक लालसर खवखव येते. जिथे आज आमच्या सोसायटीचं क्लबहाऊस आहे तिथे आमचं खळं होतं आणि त्या खळ्यावर आई मिरच्या पसरायची. आता खळं उचलून आकाशाजवळ नेलंय, एवढाच फरक. टॉवर इतका उंच की गच्चीवरचा कावळासुद्धा दम खायला मधल्या एखाद्या मजल्यावर थांबतो. सेक्रेटरी दरवर्षी नोटीस लावतो की गच्चीवर वाळवण घालू नये, आणि दरवर्षी त्या नोटिशीच्या कागदावरच आम्ही धणे वाळवतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, लवंगी शेजाऱ्यांना कळावं म्हणून. ऊन खाऊन मिरची कडकडीत झाली की मुठीत धरून हलवायची. आतलं बी खुळखुळलं म्हणजे ती डंखावर जायला तयार.

डंख म्हणजे मसाला कुटायची गिरणी. एका ओळीत लोखंडी उखळं, प्रत्येकात वरून धाडधाड पडणारं लोखंडी मुसळ, आणि प्रत्येक उखळासमोर पाटावर बसलेली, पदराने नाक-तोंड बांधलेली एक बाई. ती बाई तिथे काम करत नसते. ती पहारा देत असते. डंखवाला आपल्या मिरच्या शेजारणीच्या हलक्या मिरच्यांत मिसळील, मूठभर बाजूला सारील, आधीच्या बाईचा उरलेला मसाला आपल्यात झटकील. काय काय करील ते सांगता येत नाही. आमची आई डंखावर पापणी लववायची नाही. मी पैजेवर सांगते, एकदा गिरणीच्या दारात वरात येऊन नाचून गेली, घोडा आतपर्यंत डोकावला, आईने मान वळवली नाही. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, कसला घोडा?

मी त्या आईची मुलगी. संशय आमच्यात मसाल्याबरोबर येतो.

म्हणून परवा क्लबहाऊसमध्ये एक गृहस्थ व्याख्यानाला आले आणि म्हणाले की दोन धर्मांतलं लग्न मोडायला आलं की त्यावर औषध एकच, बिनशर्त प्रेम, तेव्हा माझे कान आपोआप ताठ झाले. बिनशर्त. हा शब्द आम्हा गाववाल्यांना नवा नाही. जमिनी घ्यायला लोक ओटीवर येऊन बसायचे आणि म्हणायचे, काका, आमची काहीच अट नाही. माझे बाबा त्यांना चहा द्यायला सांगून आधी बाहेर जाऊन बघायचे, गाडीत आणखी कोण बसलंय ते. प्रश्नोत्तरांत मी हात वर केला आणि विचारलं, बिनशर्त म्हणजे नक्की कुठल्या कुठल्या शर्ती नाहीत? गृहस्थ हसले, लोकही हसले. मी हसले नाही. मला खरंच माहिती हवी होती. कारण ही गोष्ट मी एकदा अगदी जवळून, पापणी न लववता बघितली आहे आणि अजून मला तिचा नीट उलगडा झालेला नाही.

त्या वर्षी मसाल्याच्या हंगामात रमजान आला होता.

माझी धाकटी बहीण नंदा आणि इम्रान यांचं लग्न होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. इम्रान कल्याणचा, दूधनाक्याकडचा. लग्नाच्या वेळी दोन्हीकडे जी रडारड झाली तिने उल्हास नदीला पूर आला असता, पण दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि त्याआधी एक करार केला. तोंडीच, पण कडक. आपापला धर्म आपापल्या आईबापांच्या घरी ठेवायचा. गणपतीला बाळकुम, ईदला दूधनाका, आणि कल्याणमधल्याच खडकपाड्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ना आरती ना नमाज. मला हा करार फार आवडला होता. प्रेमाचं काय, ते हवेवर असतं, पण करार दिसतो, त्याच्याकडे बोट दाखवता येतं. मी आईला म्हटलं, बघ, पोरगी शहाणी निघाली.

मग इम्रानचे अब्बा गेले. आणि थोड्याच दिवसांत खडकपाड्याच्या हॉलमध्ये, टीव्ही आणि खिडकीच्या मधल्या कोपऱ्यात, जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, अंथरला जाऊ लागला. नंदाने आधी वाट बघितली. दुःखातला माणूस आहे, चाळिसावा दिवस झाला की थांबेल. चाळिसावा झाला, जानमाज राहिला. तेव्हा तिने मला फोन करून घंटा मागितली. मी पितळेची, वजनदार, पार मोहने गावापर्यंत ऐकू जाईल अशी घंटा नेऊन दिली. तो नमाजाला उभा राहिला की ही समोरच्या कोपऱ्यात समई लावायची आणि घंटा वाजवायची. खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं वर देऊळ आणि मशीद यांची एकत्र कमिटी बसलीय. पण नंदा सांगायची की घंटा वाजवताना तिला कुठला देव आठवत नसे. फक्त त्याची पाठ दिसायची. आणि तो नमाजाचा शेवटचा सलाम फेरून उठायचा तो तिच्याकडे न बघता गॅलरीत जायचा.

घरात बोलणं आटलं. आणि ऐन मिरच्या वाळत घातल्या त्या दिवशी नंदा बॅग घेऊन बाळकुमला आली. म्हणाली, त्याने शब्द मोडला, ज्या शब्दावर लग्न केलं तोच. आता मी तिथे कशाला? वकिलाचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये होता. मी तिच्या पाठीमागून बघून घेतला.

तिच्या मागोमाग दोन-चार दिवसांत इम्रानची आई आली. आम्ही सगळेच त्यांना अम्मी म्हणतो. रिक्षातून उतरल्या, बरोबर मिरच्यांनी भरलेली गोणी. आईला म्हणाल्या, विहीणबाई, कल्याणचा डंख बंद पडलाय. यंदा तुमच्या डंखावर कुटून घेते. चालेल ना?

आई म्हणाली, चालेल की. आणि स्वतःच्या मिरच्या हाताने सारून त्यांना जागा करून दिली.

मला मात्र ती गोणी बघताक्षणी कळलं. ही बाई मिरच्या घेऊन आलेली नाही. ही बाई आमच्या नंदाला न्यायला आलेली आहे.

मी अम्मींवर नजर ठेवली. तशी नजर मी डंखावरही कधी ठेवली नव्हती. रोज सकाळी त्या कल्याणहून यायच्या, गच्चीवर आमच्या मिरच्यांशेजारी आपल्या पसरायच्या, टाकीच्या सावलीत बसायच्या आणि अधूनमधून उठून मिरच्या परतायच्या. स्वतःच्या आणि आमच्याही. मी सरबत नेलं, तर रोजा आहे म्हणाल्या. मला लगेच शंका आली, आमच्या घरचं नको असेल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम कैरीचं पन्हं नेलं, वेलची घालून, तोंडाला पाणी सुटेल असं. त्यांनी ग्लासाचा नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, शकू, गूळ कुठला घातलास गं, वास चांगला आहे. बस. एवढं बोलून पुन्हा मिरच्यांकडे.

नंदाशी तर त्या मुद्द्याचं अक्षर बोलत नव्हत्या. मी जिन्याच्या दारामागे उभी राहून ऐकलं आहे, अगदी उन्हात भाजून ऐकलं आहे. त्या तिला विचारायच्या, जेवलीस का. पाठ दुखते अजून? डोक्यावर ओढणी घे, ऊन लागेल. इम्रानचं नाव नाही, घरी चल नाही, लोक काय म्हणतात नाही. रडणंही नाही. नंदा आधी दूर बसायची, तोंड फिरवून. मग हळूहळू तिच्या मिरच्या आणि अम्मींच्या मिरच्या यांच्यामधला तिचा पाट सरकत सरकत सावलीकडे आला. मी हे बघत होते आणि मनात म्हणत होते, वा, काय जाळं विणलंय बाईने. एक धागा दिसत नाही.

ऊन मात्र तेव्हाचं अजून आठवतं. दुपारी गच्ची इतकी तापायची की पाय ठेवला तर पायाची भाकरी फुगेल. खाली खाडीकडून जो वारा यायचा त्याला चिखलाचा आणि मिठाचा वास असायचा, आणि वरती मिरच्यांचा. त्या दोन वासांच्या मध्ये दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींशी फार न बोलता बसलेल्या असायच्या. एकीचा उपास, दुसरीची कवळी काढून ठेवलेली. त्यामुळे आईही दुपारची काही खायची नाही. मी तेव्हा त्याचं कारण कवळीच धरून चालले होते.

शेवटी मला राहवेना. मोहन्याच्या नणंदेला बघून येते असं घरात सांगितलं आणि वाटेत कल्याणला उतरले. अम्मींच्या गल्लीतला डंख शोधून काढला. शोधायला काय लागतंय, शिंका मोजत गेलं की पोचतो. आणि डंख चालू होता! नुसता चालू नाही, असा धडाडत होता की समोरच्या इमारतीचे पापुद्रे पडत होते. बाहेर बायकांची रांग होती. मी एकीला विचारलं, हा मध्ये बंद पडला होता का? ती म्हणाली, बाई, आमच्या सासूबाईंच्या काळापासून एक दिवस बंद नाही.

परत येताना मला जो आनंद झाला तो माझ्या स्वतःच्या लग्नात झाला नव्हता. सापडली. खोटं बोलली. आता कुटायच्या दिवशी, सगळ्यांसमोर.

कुटायच्या दिवशी आमच्या नाक्यावरच्या डंखात आई, अम्मी, नंदा आणि मी. शेजारशेजारची दोन उखळं मिळाली, एकावर आईचा मसाला, एकावर अम्मींचा. डंखाची एक गंमत असते, तिथे कुजबुजता येत नाही. जे काय गुपित असेल ते बोंब मारून सांगावं लागतं. मी पदर तोंडावरून बाजूला केला आणि ओरडले, अम्मी, कल्याणचा डंख चालू आहे. मी बघून आलेय.

ओळीतल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. आई सोडून. अम्मी शांतपणे ओरडून म्हणाल्या, मला वाटलंच तू जाशील म्हणून. तुझ्यासारखी पोरगी जाणारच.

"मग खोटं का सांगितलंत?"

"नुसती आले असते तर तू दारातून आत घेतलं असतंस का?"

खरं होतं, घेतलं नसतं. पण मी अशी सोडणारी नव्हे. म्हटलं, नंदाला न्यायला आलात ना?

अम्मींनी उखळाकडे बोट केलं. माझ्या गोणीत दरवर्षीच्या दुप्पट मिरची आहे, म्हणाल्या. अर्धा मसाला हिचा. ही कल्याणला राहिली तर कल्याणला न्यायचा, इथे राहिली तर इथे ठेवायचा. एकटी राहते म्हणाली तर एकटीच्या घरी. जेवायला तर लागेल ना पोरीला?

मग त्यांनी एक वाक्य इतक्या हळू म्हटलं की त्या धडधडाटात ते ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि तरी आम्हाला तिघींना ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "तिने इम्रानला सोडलं तर सोडलं. मी कुठे तिला सोडलंय?"

नंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डंखावर त्याचा काही अर्थ नसतो, सगळ्यांच्याच डोळ्यांतून वाहतं. मी नीट निरखून बघत होते, कुठलं पाणी मिरचीचं आणि कुठलं दुसरं.

आणि तेव्हा आई उठली. उन्हं कलली होती. आमचा मसाला अजून उखळात होता, अर्धाही कुटून झाला नव्हता. आईने गुडघ्यावर हात ठेवले, उभी राहिली, पदर झटकला आणि म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही बसा हितं. मी जाते. रोजा सोडायच्या येळेला भाकऱ्या गरम पायजेत."

मी म्हटलं, आई, मसाला? तर ती म्हणाली, बसल्यात ना त्या. आणि गेली. डंखवाल्याने हातातलं फावडं खाली ठेवलं. त्याच्या बापाने आणि त्याने मिळून आमच्या आईला मसाला सोडून जाताना कधी बघितलं नव्हतं. नाक्यावर दहीहंडीचा शेवटचा थर कोसळल्यावर जशी शांतता पडते तशी पडली असती, डंख चालू नसता तर.

मी अर्थातच तिथेच थांबले. आईने विश्वास टाकला म्हणून मी का टाकावा? भिंतीला टेकून अम्मींकडे बघत राहिले. त्यांनी आपला पाट उचलला, आमच्या उखळासमोर मांडला आणि बसल्या. स्वतःच्या मसाल्याकडे पाठ करून. त्यांचं मुसळ त्यांच्या पाठीमागे पडत होतं, त्यात कोणी काय मिसळलं असतं, किती मुठी गेल्या असत्या, त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. दिवसभराच्या उपाशी तोंडाने, खोकत खोकत, आमच्या मसाल्यावर पापणी न लववता.

मग नंदा उठली आणि अम्मींच्या उखळासमोर जाऊन बसली. तो अर्धा तिचाच होता म्हणा.

संध्याकाळी इम्रान अम्मींना न्यायला आला. आईने तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि खजूर मांडले होते. खजूर तिने कुठून पैदा केले देव जाणे. अजान झाली, अम्मींनी खजूर तोंडात टाकला आणि मग आईने दिवसातला पहिला घास घेतला. तेव्हा मला ते कवळीचं कारण पुन्हा तपासून बघावंसं वाटलं. आईला विचारलं तर म्हणाली, भूक नव्हती गो. मी अजून तपासतेय.

नंदा आणि इम्रान गॅलरीत गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत गेले, तिथून गॅलरी छान ऐकू येते.

नंदा म्हणाली, "मला आधी विचारायचं होतंस."

तो म्हणाला, "विचारलं असतं तर तू करार काढला असतास. आणि तू बरोबरच असतीस. अब्बा गेल्यावर मला संध्याकाळी बसायचं कुठे तेच कळेना गं. दुकानातून ते आपल्याकडे यायचे ना त्या वेळेला. नमाजाला उभं राहिलं की तेवढा वेळ जातो."

"हे मला सांगितलं नाहीस."

"तू घंटा वाजवत होतीस."

यावर नंदा हसली की रडली ते मला नक्की सांगता येणार नाही. नेमका तेव्हाच कुकर शिटी मारायला लागला. कुकर आमच्या घरात कधीच योग्य वेळी गप्प बसत नाही.

त्या दिवशी नंदा गेली नाही. इम्रानने चल म्हटलं नाही, अम्मींनीही नाही. मसाल्याचा डबा मात्र आमच्याकडेच ठेवून गेल्या. नंदाने आणखी काही दिवस त्या डब्याकडे बघत काढले, आणि मग एका सकाळी तो उचलला, बॅग उचलली आणि आपणहून निघाली. मी तिला लिफ्टपाशी गाठलं. विचारलं, काय कबूल करून घेतलंस त्याच्याकडून? म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, काहीच नाही? ती म्हणाली, काहीच नाही ताई. घंटा तेवढी परत देते तुला, फार मोठी आहे.

लिफ्टचं दार बंद झालं आणि मला पहिल्यांदाच तिची खरी काळजी वाटली. करार होता तेव्हा निदान मोडायला काहीतरी होतं.

अजूनही वाटते. मी तिच्या फोनवरच्या आवाजाची चव घेऊन बघते. भांडतात अजून, चांगली कचाकचा भांडतात, पडद्याच्या रंगावरून आणि नंतर झालेल्या मुलाच्या क्लासवरून. जानमाज त्याच कोपऱ्यात आहे, तो उभा राहिला की ती आवाज बारीक करून टीव्ही बघते. गणपतीत आता खडकपाड्यातही दीड दिवसाची मूर्ती बसते, तिचे मोदक इम्रान वळतो, आणि ते इतके वाकडे असतात की बाप्पाने ओळखायला वेळ घ्यावा. हे सगळं कशाच्या जोरावर चाललंय ते मला विचारू नका. मी खालून, बाजूने, मागून सगळीकडून बघितलंय. गाडीत आणखी कोणी बसलेलं दिसत नाही. म्हणूनच संशय जात नाही.

अम्मी त्यानंतर दर वर्षी येत राहिल्या. चैत्र संपता संपता फोन. शकू, कल्याणचा डंख बंद पडलाय गं. आणि मी तेवढ्याच गंभीरपणे म्हणायची, अरेरे, यंदा पण?

यंदा फोन आला नाही. ब्याडगी वाळली, संकेश्वरी वाळली, बी खुळखुळायला लागलं, तरी नाही. मी म्हटलं, काहीतरी शिजतंय. नंदाला आडून विचारलं तर म्हणाली, अम्मींचे गुडघे धरलेत, जिना उतरवत नाही, पण ताईला सांगू नकोस म्हणाल्यात. आता मला सांगू नकोस म्हटल्यावर मी गप्प बसणार होते थोडीच. आईला म्हटलं, तुझीही मिरची दे. आईने विचारलं, कुठे चाललीस? आणि उत्तर ऐकायच्या आत आतून खजुराचा पुडा आणून पिशवीत टाकला. यंदा रमजान होऊन गेलाय असं मी सांगितलं, तर म्हणाली, असू दे.

दोन गोण्या रिक्षात घालून मी दूधनाक्याला उतरले, धापा टाकत जिना चढले. दार उघडंच होतं. अम्मी खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. गल्लीच्या टोकाचा तो डंख इतका धडाडत होता की भिंतीवरचं घड्याळ हलत होतं.

मी गोणी उंबऱ्यात टेकवली आणि म्हटलं, "अम्मी, बाळकुमचा डंख बंद पडलाय."

त्यांनी मला, मग गोणीला, मग पुन्हा मला निरखून बघितलं.

"बस," म्हणाल्या. "आधी माणूस पाठवून बघून घेते."

आणि खाटेवर सरकून मला जागा केली.